काकांची अडलेली गोष्ट

बदलापूरला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होते, त्या काकांना लग्नपत्रिकांचा सोस होता. लग्नांचा नाही, पत्रिकांचा. बिल्डिंगमध्ये कोणाकडे पत्रिका आली की ते लग्न पार पडेपर्यंत कसाबसा धीर धरायचे आणि दुसऱ्या दिवशी जाऊन ती मागून आणायचे. मग चिकटवलेल्या कडा सोडवून ती सपाट करायची, वर पाटा ठेवून एक दिवस दाबून ठेवायची आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गोष्ट लिहायची. संपादकाला पाठवायची प्रत तेवढी साध्या फुलस्केपवर.

मी एकदा विचारलं, "काका, चांगला कागद का नाही घेत?"

"कोऱ्या कागदाची भीती वाटते गं. यावर आधीच कुणाचं तरी जमलेलं असतं. आपण फक्त मागून जायचं."

उल्हासनगरला पत्रिका छापणारा एक सिंधी दुकानदार त्यांचा दोस्त होता. चुकीच्या छापलेल्या पत्रिका तो त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. "साईं, ले जाओ, शादी कॅन्सल हो गई," असं म्हणत गठ्ठा पुढे करायचा. काकांना मोडलेल्या लग्नाच्या पत्रिका जास्त आवडायच्या. त्या घेऊन आले की दोन दिवस त्या मुलीचं काय झालं असेल याचा विचार करत बसायचे.

मी तेव्हा उल्हासनगरच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. गाव कर्जतच्या पुढे, रोज जाऊन-येऊन जमेना, म्हणून बदलापूरला खोली शोधली. दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट. काकांच्या फ्लॅटला लागून वेगळ्या दाराची एक खोली होती, ती त्यांनी मला दिली. देताना त्यांनी नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही. विचारलं एवढंच, "काही लिहितेस का?" माझी एक कथा एका मासिकात छापून आली होती. ते सांगितल्यावर त्यांनी किल्ली हातात ठेवली आणि काकूंना हाक मारली, "अगं ए, आपल्यातली आहे!" काकू आतून आल्या, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "मग जेवणाचे हाल असतील. रात्री इकडेच ये जेवायला."

काका अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात सुपरवायझर होते, तिथून रिटायर झालेले. दोन कथासंग्रह नावावर होते. आयुष्याची बरीच वर्षं अंबरनाथच्या एका चाळीत काढून ते शेवटी बदलापूरला फ्लॅटमध्ये आले होते. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना लेखककाका म्हणायचे. विहारात कार्यक्रम असला की सूत्रसंचालन त्यांच्याकडे, आणि कोणी गेलं की श्रद्धांजलीचे चार शब्दही त्यांच्याकडेच. काकू नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी नवऱ्याची एकही गोष्ट वाचलेली नव्हती, आणि हे त्या कोणालाही, काकांच्या समोरच सांगायच्या. "दिवसभर लोकांची रडगाणी ऐकून येते. घरी येऊन पुन्हा तेच कशाला वाचू?"

लिखाण चांगलं चाललेलं असलं की काकांसारखा सुखी माणूस अख्ख्या बदलापूरमध्ये नसायचा. एकटेच लिहिताना हसायचे, इतके मोठ्याने की मला भिंतीतून ऐकू यायचं. मध्येच उठून स्कूटर धुवायचे. स्कूटर आधीच स्वच्छ असायची. मग ओल्या हातांनी माझं दार वाजवायचे.

"लागली गं एकदाची नोकरी तिला."

"कोणाला?"

"आपल्या शांताला!"

शांता म्हणजे त्यांच्या गोष्टीतली. पण हे कळायला मला महिना लागला. तोवर मी त्या शांताला माझं अभिनंदन कळवा म्हणून मनापासून सांगत होते. एकदा त्यांच्या गोष्टीतले म्हातारे मास्तर गेले. म्हणजे त्या दिवशी काकांनी ते मरण लिहिलं. सकाळपासून दाढी नाही, अंघोळ नाही, गॅलरीत बसून राहिलेले. दूधवाल्याने विचारलं तर म्हणाले, "आमचे मास्तर गेले." दूधवाल्याने ते खालच्या मजल्यावर सांगितलं. तासाभरात चार-पाच बायका आणि सोसायटीचे सेक्रेटरी घरात येऊन गप्प बसले. काकू दवाखान्यातून आल्या तर दारात चपलांचा हा ढीग. काय झालंय ते लक्षात आल्यावर त्या म्हणाल्या, "माणूस कागदावरचा आहे. पण आलाच आहात तर चहा घेऊनच जा." सेक्रेटरी चहा पिता पिता म्हणाले, "वाईट झालं हो तरी."

हे झालं चांगल्या दिवसांचं. अडलं की उलट. अडलं की काका गॅलरीत येऊन म्हणायचे, "आज पाणी आलेलं नाही." नव्याने राहायला आलेली माणसं घाबरून बादल्या काढायची. बदलापूरला ते वाक्य गमतीने घेण्यासारखं नाही. जुने शेजारी काकूंकडे बघायचे आणि काकू विचारायच्या, "नळाला, का तुम्हाला?"

मग ते स्कूटर काढून जांभूळला जायचे. तिथे पाण्याचं मोठं केंद्र आहे, कारखान्यांना पाणी पुरवणारं. कुंपणाबाहेर स्कूटर लावून पंपांचा आवाज ऐकत उभे राहायचे. मलाही एकदा घेऊन गेले होते. वॉचमनने हटकलं, "काका, काय काम आहे?"

"काम होत नाही म्हणून तर आलोय."

त्या वेळी माझंही अडलेलं होतं. पहिल्या कथेचं कौतुक झालं आणि त्यानंतर मला एक धड पान लिहिता येईना. शाळेच्या मुख्याध्यापिकेवर एक कथा सुरू केली होती, ती तिसऱ्या पानावर थांबून होती. रोज शाळेतून आल्यावर ती तीन पानं वाचायची, एखादा शब्द बदलायचा आणि ठेवून द्यायची. कुंपणापाशी मी काकांना म्हटलं, "मला सुचतच नाही हो."

काका एकदम चिडले. "सुचत नाही म्हणू नये. बघितलं नाही म्हण. तुझ्या त्या बाईच्या घरी सकाळचा डबा कोण करतं?"

"माहीत नाही."

"तिला शाळेत यायला कोण सोडतं?"

"ते कशाला हवंय? कथा शाळेतली आहे."

"मग बस तीन पानांवर."

मी आठवडाभर त्यांच्यावर रागावून होते. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिकेबरोबर काहीतरी निमित्त काढून तिच्या घरी गेले. रोजचा डबा तिचे सासरे करायचे. ऐंशीच्या घरातला माणूस, कणिक मळत होता आणि सुनेला विचारत होता की आज शाळेत कोण उशिरा आलं. ती कथा मी त्याच आठवड्यात संपवली. चौथं पान सुरू झालं तेव्हा मला बसल्या जागी जो आनंद झाला, त्याला काय म्हणावं मला अजून कळत नाही. मी उठून काकांचं दार वाजवलं. ते माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "आलं ना पाणी?" आणि खाली जाऊन पेढे घेऊन आले. कथा स्वीकारली जाते की नाही याची वाट त्यांनी कधीच बघितली नाही. लिहून झाली की पेढे. नंतर साभार परत आली तर पेढे काही परत करायचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

असा हा माणूस, स्वतःच्या एका गोष्टीवर मात्र वर्षाहून जास्त अडून बसला.

गोष्ट दोन भावांची होती. वडील आजारी पडतात, मोठा भाऊ सगळं करतो, वडील जातात, आणि धाकटा येत नाही. अंत्ययात्रेलाही नाही, नंतर पुण्यानुमोदनाच्या विधीलाही नाही. इथपर्यंत काकांनी फार सुंदर लिहिलं होतं. वडिलांचं ते शेवटचं आजारपण, खाटेखालची बेडपॅन, मोठ्या भावाचं रात्रपाळी करून येऊन त्यांना अंघोळ घालणं. पण पुढे धाकटा का आला नाही, हे त्यांना लिहिता येईना. एकदा त्यांनी त्याला तुरुंगात टाकलं. एकदा आजारी पाडलं. एकदा निरोपच पोचला नाही असं केलं. एकदा तो दारूच्या नशेत होता. दरवेळी मला बोलावून वाचून दाखवायचे आणि वाचून संपायच्या आत स्वतःच म्हणायचे, "नाही. खोटं वाटतंय."

दिवाळी अंकाची मुदत एकदा गेली. दुसऱ्या वर्षी पुन्हा आली. काका जांभूळला आठवड्यातून तीन-चारदा जायला लागले. लोकांचे नळ आणि पंखे दुरुस्त करत फिरायला लागले, न बोलावता. जेवताना बोलेनात. त्यांचं ते भिंतीपलीकडचं हसणं बंद झालं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. काकू मला म्हणाल्या, "बीपी वाढलंय त्यांचं. गोळ्या देतेय, पण हे गोळ्यांचं नाही."

एका संध्याकाळी त्यांनी नवीन कारण वाचून दाखवलं. धाकटा भाऊ दुबईला गेलेला आणि त्याला विमानच मिळालं नाही. वाचून झाल्यावर मी सहज विचारलं, "काका, हा भाऊ खरा आहे का?"

काकांनी कागद खाली ठेवला. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "आहे ना. उल्हासनगरला असतो. कॅम्प चारला."

"तू गप बस," काका म्हणाले.

मी म्हटलं, "मग त्यांनाच विचारा ना, का आला नाहीत म्हणून. तुम्हीच म्हणता ना, सुचत नाही म्हणू नये..."

"उठ," काका म्हणाले. "जा तुझ्या खोलीत."

त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी जेवायला जायची, काकू वाढायच्या, काका टीव्हीकडे तोंड करून जेवायचे. काकूंकडून मला तेवढ्यात थोडं कळलं. धाकट्याला काकांनी वशिला लावून आपल्याच कारखान्यात चिकटवलं होतं. त्याने सहा महिन्यांत ती नोकरी सोडली आणि उल्हासनगरला जीन्स शिवणाऱ्या एका युनिटमध्ये लागला. त्यावरून भांडण झालं आणि तो घर सोडून गेला. वडील गेले ते त्यानंतर वर्षभराने. तेव्हापासून दोघा भावांचं येणंजाणं नाही, बोलणं नाही. बदलापूर ते उल्हासनगर म्हणजे लोकलने मधे एक अंबरनाथ स्टेशन.

मग एका रविवारी सकाळी काका माझ्या दारात हेल्मेट घेऊन उभे. "चल. मला पत्ता सापडणार नाही."

पत्ता त्यांना पाठ होता. जाताना एकदाही कोणाला विचारावं लागलं नाही. गटारातून निळं पाणी वाहत होतं अशा एका गल्लीत त्यांनी स्कूटर थांबवली. खाली युनिट, वर घर. रविवार असूनही मशिनी चालू होत्या. एक बारीकसा, केस पिकलेला माणूस जीन्सचे गठ्ठे बांधत होता. हातांना कोपरापर्यंत निळा रंग. त्याने वर बघितलं आणि दोरी हातातच राहिली.

"दादा?"

"हां."

"कोणी गेलं काय?"

"नाही," काका म्हणाले. "सगळे आहेत."

त्याने स्टुलावरचे कपडे बाजूला केले, फडक्याने स्टूल पुसलं. मला खुर्ची दिली. कारागिराला हिंदीतून सांगितलं, "तीन स्पेशल बोल, मलाई मार के." चहा आल्यावर काका त्या कपाकडे बघत म्हणाले, "आबा गेले तेव्हा तू का आला नाहीस?"

इतक्या वर्षांनी भेटल्यावर माणूस आधी तब्येत विचारतो, मुलंबाळं विचारतो. काकांनी ते काही केलं नाही. मला वाटलं, आता हा आम्हाला हाकलून देणार.

तो म्हणाला, "आलो होतो की."

"कुठे आला होतास? मी होतो ना तिथे. पूर्ण दिवस होतो."

"जिन्यात बसलो होतो. आपल्या चाळीच्या. आबांना खाली आणलं तेव्हा बाजूला झालो, मग मागून स्मशानापर्यंत आलो. रस्त्याच्या पलीकडे उभा होतो."

"वर का नाही आलास?"

तो काकांकडे बघायला लागला. रागाने नाही. खरंच आठवत नाही का, हे ताडून बघत होता. "तू बोललास ना, या घरात परत पाय ठेवू नकोस. आबांच्या समोर बोललास. मग मी जिन्यात बसलो. जिना काय घरात येत नाही."

"मी असं बोललो?"

"बोललास दादा."

"आणि तुला कोणी बघितलं नाही? एवढी माणसं येत-जात होती."

"वहिनींनी बघितलं ना. चहा आणून दिला. मीच बोललो, दादाला सांगू नका, तो आज आधीच मोडलाय."

काकांनी चहा पूर्ण प्यायला. कप खाली ठेवला. मग भावाच्या निळ्या हाताकडे बघून म्हणाले, "हे निघत नाही का?"

"निघतं ना. सोमवारी सुट्टी असते, मंगळवारी परत चढतं." आणि तो हसला. हसला की तो हुबेहूब काकांसारखा दिसायचा.

परत येताना काकांनी अंबरनाथला स्कूटर थांबवली. रस्त्याच्या कडेला बसले. मला म्हणाले, "ते वाक्य मी गोष्टीत घातलंच नव्हतं गं. सगळं घातलं. बेडपॅन घातली. तेवढंच नाही घातलं."

घरी पोचलो तेव्हा काकू भाकऱ्या करत होत्या. काका बूटही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"तुला माहीत होतं तो आला होता ते?"

काकूंनी भाकरी उलटली. "माहीत होतं."

"आणि मी तसं बोललो होतो ते?"

"मी तिथेच होते."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"त्याने सांगू नका म्हटलं होतं. आणि तुम्ही मला विचारलंत कधी?" काकू म्हणाल्या. "तुम्ही तर लिहीत होतात."

काका आता नाहीत. त्यांच्या शेवटच्या दिवसांत पायाशी निळ्या हातांचा तो भाऊ बसलेला असायचा आणि दोघं कोणत्या तरी जुन्या क्रिकेटच्या मॅचवरून वाद घालत असायचे. ती गोष्ट एका साध्याशा दिवाळी अंकात आली. तिचं फार कौतुक झालं असं नाही. एकदोन फोन आले, एका वाचकाने शेवट पटला नाही असं कळवलं. काकांनी पेढे मात्र नेहमीपेक्षा जास्त आणले होते. लिहिण्याबद्दल लोक मला विचारतात, कधीकधी शाळेतली मुलंही विचारतात की बाई, अडलं की काय करायचं. त्यांना द्यायला माझ्याकडे उपाय नाही. मला आठवतो तो एक रविवार, गोष्ट पहिल्यांदा वाचून दाखवली तो.

भाऊ जेवायला आला होता. काकूंनी सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. जेवणं झाल्यावर काका म्हणाले, "थोडं वाचतो." काकू भांडी घासायला उठल्या, तर भाऊ म्हणाला, "वहिनी, बसा ना तुम्ही पण." काकू पदराला हात पुसत दाराशी बसल्या, अर्धं लक्ष नळाकडे ठेवून.

काका वाचत होते. आबांचं आजारपण झालं. भांडण आलं. ते वाक्य आलं, जसं बोलले होते तसंच. ते त्यांनी मान वर न करता वाचलं. मग मयताचा दिवस आला, जिना आला, आणि त्यांचा आवाज बंद झाला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा बंद झाला. भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला. मी हात पुढे करणार तोच काकू उठल्या, चष्मा लावला आणि त्यांच्या हातातले कागद घेतले.

काकूंनी ते पेशंटचा रिपोर्ट वाचावा तसं वाचलं. सगळ्या शब्दांवर सारखाच जोर. 'जिन्यातल्या मिणमिणत्या दिव्याखाली तो बसला होता. वहिनीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता कप पुढे केला.' इथे त्या थांबल्या.

"दिवा नव्हता," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आपल्या जिन्यात कुठे दिवा होता? दिवसासुद्धा अंधार. मला त्याचा चेहरा दिसलाच नव्हता."

"मग तुला कळलं कसं तो आहे ते?"

"मला वाटलं कोणीतरी पाहुणा बसलाय, चहा देऊ या. कप देताना अंदाज चुकला, माझा हात त्याच्या गालाला लागला. ओला होता गाल. मग तो वहिनी म्हणाला, तेव्हा कळलं."

भावाने मान खाली घातली होती. काकांनी पेन शोधलं, काकूंच्या हातातला कागद घेतला आणि दिव्याची ओळ खोडली. मग काकूंकडे बघून, नवीन मुलगा शाळेत बाईंना विचारतो तशा आवाजात त्यांनी विचारलं, "कोणता हात?"

"उजवा," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी बसल्या.